टेस्टरपासून परवान्यापर्यंत

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नईचा मोठा भाग अंधारात होता. अड्यार नदीचे पाणी कोट्टूरपुरम, सैदापेट यांसारख्या वस्त्यांत शिरले होते आणि तळमजल्यांवरील मीटरपेट्या पाण्याखाली गेल्या होत्या. विजेच्या धक्क्याने जीवितहानी होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी पुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागला. पुढे पाणी ओसरले, खांबापर्यंत वीजही आली; परंतु घरातील दिवा लावण्याचे धैर्य कोणाला होईना. भिंती ओल्या होत्या, स्विचबोर्डांत गाळ साचला होता आणि कोणत्या तारेत काय दडले आहे हे घरमालकाला कळत नव्हते.

अशा वेळी घरोघरी एकाच माणसाची वाट पाहिली जाते. खांद्याला पिशवी, खिशाला टेस्टर आणि पायात रबरी चपला अशा वेषात येणारा हा माणूस बोर्ड उघडतो, तारा तपासतो आणि गरज पडल्यास शांतपणे सांगतो, ‘आज नको, भिंत वाळू द्या.’ त्याच्या या शब्दावर सारे कुटुंब आणखी एक रात्र मेणबत्तीच्या उजेडात काढते. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने शहरातील झाडे व विजेचे खांब आडवे केले, तेव्हाही हेच घडले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पावसाने वेळच्चेरी व पळ्ळिकरणैचा परिसर जलमय झाला, तेव्हाही याच माणसाची वाट पाहिली गेली.

ज्याच्या शब्दावर एवढा विश्वास टाकला जातो, त्या वीजतंत्र्याची सुरुवात मात्र बहुधा रिकाम्या हातानेच झालेली असते. पदरी पैसा नाही, अनुभव नाही आणि ओळखीपाळखीही बेताच्याच. अशा तरुणाने या व्यवसायात प्रवेश कसा करावा, कोणत्या वाटेने जावे आणि कोणत्या वाटेला जाऊ नये, याचा विचार चेन्नईच्या उदाहरणावरून करता येतो.

विजेचे जुने शहर

चेन्नईचे विजेशी नाते जुने आहे. भारतातील पहिली विद्युत ट्राम १८९५ साली याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये धावली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसिन ब्रिज येथे वीज निर्माण होऊ लागली आणि हळूहळू दिवे, पंखे व गिरण्या विजेवर आल्या. ट्राम १९५३ मध्ये बंद पडली. पण गिंडी व अंबत्तूर येथील औद्योगिक वसाहतींनी विजेचे काम जाणणाऱ्या हातांची मागणी कायम ठेवली. आज या मागणीचे स्वरूप बदलले आहे. घरोघरी वातानुकूलन यंत्रे आली आहेत, इन्व्हर्टर आले आहेत. गच्चीवरील सौर पॅनेल व वाहनांच्या चार्जिंगची सोय यांनी नव्या कामांची भर घातली आहे.

त्यात समुद्राचे सान्निध्य. खाऱ्या दमट हवेने तांब्यापितळेच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात, अर्थिंगची जोडणी कमकुवत होते. त्यामुळे या शहरात एकदा वायरिंग करून निश्चिंत होता येत नाही. ते पुनःपुन्हा तपासावे लागते. वीजतंत्र्याला काम मिळेल का, हा प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही. काम करण्याची पात्रता त्याने कशी मिळवावी, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची रेषा

पात्रतेचा विचार करताना प्रथम कायदा समजून घेणे आवश्यक आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांपर्यंत एक तत्त्व कायम राहिले आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी, मूळ जोडणीची क्षमता व स्वरूप न बदलणारी किरकोळ कामे वगळता, विजेच्या जोडणीचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराने आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावयास हवे.

ही रेषा नवख्या तरुणाने मनावर कोरून ठेवावी. बंद पडलेला स्विच बदलणे हे रेषेच्या अलीकडचे काम आहे. वातानुकूलन यंत्रासाठी नवीन वायर ओढणे हे पलीकडचे. पैशाची निकड असताना कोणी पलीकडचे काम देऊ केले, तर नकार देणे कठीण जाते. परंतु या एका नकारात त्याची स्वतःची व दुसऱ्याच्या कुटुंबाची सुरक्षितता सामावलेली असते. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने प्राणास मुकतात, हे विसरता येणार नाही.

पहिली वाट : आयटीआय

ज्याला दोन वर्षे देता येतील, त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट सर्वांत निर्धोक आहे. महाराष्ट्रात ज्यांना ‘वीजतंत्री’ व ‘तारतंत्री’ म्हणून ओळखले जाते, ते दोन्ही अभ्यासक्रम प्रत्येकी दोन वर्षांचे आहेत. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्रीसाठी आठवी पुरेशी असते. चेन्नईत गिंडी, अंबत्तूर व उत्तर चेन्नई येथे शासकीय संस्था आहेत. मुलींसाठी गिंडी येथे स्वतंत्र शासकीय संस्था आहे. तमिळनाडूतील शासकीय संस्थांत शिकवणी शुल्क घेतले जात नाही. उलट प्रशिक्षणार्थ्याला दरमहा ७५० रुपये विद्यावेतन मिळते. ही रक्कम लहान आहे. पण शिकताना घरावर पडणारा भार ती काही अंशी हलका करते.

प्रशिक्षणानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. तेथेही विद्यावेतन असते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मोठ्या पॅनेलांसमोर शिस्तीने काम कसे करावे, ‘काम चालू आहे’ ही पाटी स्विचवर का लावावी आणि दुसऱ्याने लावलेली पाटी आपण का काढू नये, हे तेथे अंगवळणी पडते.

दुसरी वाट : मेस्त्रीच्या हाताखाली

परंतु ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला दोन वर्षे थांबणे परवडत नाही. विल्लुपुरम किंवा तिरुवण्णामलै जिल्ह्यातील खेड्यातून शाळा सोडून चेन्नईस आलेला एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. बांधकामावर तो एखाद्या ‘मेस्त्री’च्या हाताखाली लागतो. आपल्याकडील मिस्त्री तोच तेथील मेस्त्री. पहिले काही महिने भिंतीला खाचा पाडणे, पाइप बसवणे, वायरीची बंडले जिने चढून वर नेणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. मेस्त्रीला तो ‘अण्णा’ म्हणतो, त्याचा चहा आणतो आणि त्याच्या हाताकडे पाहत शिकतो.

हे शिक्षण खरे असते. पण त्याचा कागद नसतो. दहा वर्षे काम केलेला माणूसही कागदाअभावी ‘हेल्पर’ राहतो आणि त्याचे कौशल्य दुसऱ्याच्या परवान्याखाली झाकले जाते. या अडचणीवर तमिळनाडूत एक उपाय आहे. राज्याचा रोजगार व प्रशिक्षण विभाग तारतंत्री साहाय्यकांसाठी सक्षमता परीक्षा घेतो. वायरिंगच्या कामाचा किमान पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण, या तिच्या मुख्य अटी आहेत. पुढील पायऱ्यांवरील तारतंत्री व पर्यवेक्षक यांची प्रमाणपत्रे आणि ठेकेदाराचे परवाने गिंडी येथील तिरु. वि. क. औद्योगिक वसाहतीतील विद्युत अनुज्ञापन मंडळाकडून दिले जातात. महाराष्ट्रातही अनुज्ञापक मंडळाची अशीच व्यवस्था आहे.

पाच वर्षे हा काळ तरुण मनाला फार वाटतो. मात्र तो वाया जाऊ द्यावयाचा नसेल, तर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या इमारतीत, कोणाच्या परवान्याखाली, काय काम केले, याची नोंद त्या वहीत असावी. परवानाधारक ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला वेळच्या वेळी घ्यावा. मेस्त्री गाव बदलतात, ठेकेदार धंदा बदलतात. अशा वेळी पाच वर्षांपूर्वीचा दाखला मागावयास जावे कोठे? मजुरी शक्यतो बँक खात्यातच घ्यावी. खात्यातील नोंद कामाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते आणि पुढे कर्ज मागताना तीच पत ठरते.

पिशवीतले भांडवल

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचे आरंभीचे भांडवल एका पिशवीत मावते. इन्सुलेशन असलेली पक्कड, लहानमोठे पेचकस, वायर सोलण्याचे साधन, हातोडी, छिन्नी, फीत, टेस्टर आणि मल्टिमीटर ही साधने काही हजार रुपयांत उभी राहतात. चेन्नईत जॉर्ज टाउनच्या घाऊक पेठेत ती मिळतात. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी रिची स्ट्रीट प्रसिद्ध आहे. पुढे कामाचा व्याप वाढला की ड्रिल यंत्र, क्लॅम्प मीटर आणि वायरीचे इन्सुलेशन तपासणारा मेगर घ्यावा लागतो. तेथे खर्च वाढतो.

खरेदीचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. नवख्याची दृष्टी प्रथम ड्रिल यंत्राकडे जाते, कारण त्याने काम झटपट उरकते. अनुभवी माणूस आधी चांगला मल्टिमीटर घेतो. टेस्टरचा लहान दिवा लागला तर वीज आहे हे कळते. तो लागला नाही म्हणून वीज नाही, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. मीटरने मोजावे, मोजण्यापूर्वी तोच मीटर चालू जागी तपासून घ्यावा, आणि मग तारेला हात लावावा. ज्या साधनाने जीव वाचतो ते प्रथम, ज्याने वेळ वाचतो ते नंतर.

तंडल की बँक?

हत्यारे घ्यावयाची, थोडा माल उधारीवर द्यावयाचा, घरभाडे भरावयाचे आणि ग्राहकाचे पैसे महिन्याने यावयाचे, अशी ओढाताण सुरू झाली की सावकार दारात उभा राहतो. चेन्नईत रोजच्या वसुलीच्या कर्जाला ‘तंडल’ म्हणतात. त्याचा हिशेब वरवर सोपा दिसतो. दहा हजारांचे कर्ज, हाती नऊ हजार आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये परतफेड. ‘हजार रुपयांचेच तर व्याज’ असे कर्जदाराला वाटते. परंतु मुद्दल रोज फिटत असल्याने संपूर्ण नऊ हजार त्याच्याकडे एकच दिवस राहतात. ही गोष्ट लक्षात घेता हा व्याजदर वार्षिक ७५ टक्क्यांच्या पुढे जातो. अवाजवी व्याजाला आळा घालण्यासाठी तमिळनाडूने २००३ साली स्वतंत्र कायदा केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

याच्या शेजारी बँकेचा हिशेब मांडून पाहावा. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. व्याजदर वार्षिक १२ टक्के व मुदत ३६ महिने गृहीत धरल्यास मासिक हप्ता सुमारे १,६६१ रुपये येतो. म्हणजे दिवसाला साधारण ५५ रुपये. तीन वर्षांत एकूण व्याज होते सुमारे ९,८०० रुपये. तंडलचे दहा हजार फेडण्यासाठी रोज शंभर रुपये द्यावे लागतात. येथे पाचपट रकमेसाठी त्याच्या जवळपास निम्मे. प्रत्यक्ष दर बँकेनुसार बदलेल, परंतु दोन्हींतील अंतर झाकले जाणार नाही.

धंदा वाढल्यावर ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत व ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत मजल मारता येते. दुकान किंवा ठेकेदारीचा मोठा प्रकल्प असल्यास प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा विचार करावा. सेवा क्षेत्रातील प्रकल्पासाठी त्यात २० लाखांची मर्यादा आहे. शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के व विशेष गटांना २५ टक्के अनुदान मिळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेविषयीही अनेक जण विचारणा करतात. तिच्यातील अठरा पारंपरिक व्यवसायांत विजेच्या कामाचा समावेश नाही, हे माहीत असल्यास एक हेलपाटा वाचतो.

कर्जासाठी येताना काय आणावे? ओळख व पत्त्याचे पुरावे, खात्याचा उतारा, हत्यारांचे दरपत्रक, विनाशुल्क मिळणारे उद्यम नोंदणी प्रमाणपत्र, आणि असल्यास आयटीआयचे किंवा सक्षमतेचे प्रमाणपत्र. शिवाय ती कामाची वही. वर्षभर नेटकेपणाने ठेवलेली वही समोर आली की कर्जमागणीमागचा माणूस स्पष्ट दिसू लागतो. कर्ज मात्र हत्यारांसाठीच वापरावे. हत्यारांच्या नावाने घेतलेले पैसे लग्नकार्यात गेले, तर हप्ता फेडण्यासाठी पुन्हा तंडलवाल्याचे दार गाठावे लागते.

वीस रुपयांची ढाल

या व्यवसायात जोखीम रोजची आहे, तरीही विम्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यू अथवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. मात्र त्या वेळी खात्यात शिल्लक असावी लागते. शिल्लक नसल्याने विमा खंडित व्हावा आणि नेमका त्याच वर्षी कुटुंबावर प्रसंग ओढवावा, यासारखी दुसरी हळहळ नाही. उंच शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा मे महिन्यात आपले खाते तपासावे.

विम्याने कुटुंब सावरते; जीव वाचवते ती शिस्त. मुख्य स्विच बंद केल्याविना काम नाही. ओल्या हातांनी काम नाही. उपकरणाच्या भाराला साजेशी जाडी असल्याशिवाय वायर नाही. आणि अर्थिंगविना जोडणी नाही. घरमालकाने खर्च वाचवण्यासाठी हिरवी वायर वगळावयास सांगितले तरी ती वगळू नये. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा सुरक्षा स्विच बसवण्याचा आग्रह धरावा. ग्राहक नाराज झाला तर एक काम जाईल. परंतु नियम मोडून केलेले काम भिंतीच्या आत वर्षानुवर्षे टपून बसते.

ग्राहकाचीही जबाबदारी

येथे घरमालकांचाही विचार करावयास हवा. अनेकदा सर्वांत स्वस्त सांगणाऱ्यालाच काम दिले जाते आणि परवाना विचारण्याचा संकोच वाटतो. वास्तविक, परवाना विचारल्याने कारागिराचा अपमान होत नाही. पाच वर्षे थांबून तो मिळवणाऱ्याचा तो मानच असतो. काम संपताच पैसे चुकते करणे हाही मानाचाच भाग. ग्राहकाने पंधरा दिवस रखडवलेली रक्कम त्या तरुणाला सावकाराच्या दारापर्यंत नेऊ शकते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

एक मराठी उदाहरण

चेन्नईच्या सौकारपेठेत मराठी कानावर पडते, तेव्हा ती बहुधा सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी परिसरातून आलेल्या गलाई बांधवांची असते. सोने-चांदी गाळण्याचा व शुद्ध करण्याचा त्यांचा व्यवसाय देशभर पसरला आहे. दुष्काळी गावातून निघालेला मुलगा नातलगाच्या दुकानात भट्टीपाशी बसतो, वर्षानुवर्षे शिकतो आणि हात बसला की स्वतःचे दुकान थाटतो. भांडवल थोडे, भाषा परकी. पण दुसऱ्याचे सोने तोळामासा न चुकवता परत करण्याची सचोटी ही त्यांची खरी ठेव. सराफ त्यांच्या हाती सोने सोपवतो ते याच विश्वासावर.

वीजतंत्र्याच्या हाती तर सोन्याहून मोलाची वस्तू सोपवलेली असते. रात्री दिवे मालवून निश्चिंतपणे झोपी जाणारे कुटुंब त्याने भिंतीत पुरलेल्या तारांवर विसंबलेले असते. त्या तारा पुन्हा कोणी पाहणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तरीही त्याने जोड घट्ट आवळलेला असतो, अर्थिंग तपासलेले असते आणि वहीत त्या दिवसाची नोंद केलेली असते. रिकाम्या हाताने शहरात आलेल्या तरुणाची पत तेथूनच उभी राहू लागते. परवान्यावर उमटणारा शिक्का आणि बँकेत मंजूर होणारे कर्ज त्यामागून येतात.